म्हात्रे मॅडमचं कुलूप

कुंदा म्हात्रे आमच्या कारखान्यात आल्या तेव्हा पहिला दीड महिना त्यांनी संगणकावर एक ओळसुद्धा लिहिली नाही. त्या नुसत्या वाचत होत्या. नव्या संगणकाबरोबर त्याच्या कर्नेलचा सगळा मजकूर छापील स्वरूपात आला होता, नऊ जाडजूड फायली. कर्नेल म्हणजे संगणकाच्या आतला मुख्य कारभारी. कुठला प्रोग्रॅम आता चालेल, कुठला थांबेल, कुणाला यंत्र किती वेळ मिळेल, हे सगळं तो ठरवतो. हे मला नंतर कळलं. त्या वेळी कॅन्टीनमध्ये एवढीच बातमी होती की नव्या मॅडम दिवसभर कर्नलची फाईल वाचतात, आणि दोनतीन जणांचा खरोखरच समज झाला होता की त्या मिलिटरीतून आल्या आहेत.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना रंगांना लागणारी रसायनं बनवायचा. मी इन्स्ट्रुमेंट विभागात, म्हणजे तापमान आणि दाब मोजणारी उपकरणं बसवणं आणि ती खरं बोलतात की नाही ते बघणं, हे माझं काम. माझ्या उपकरणांचे आकडे मॅडमच्या संगणकात जायचे होते, म्हणून आमचा संबंध आला. नाहीतर शेजारच्या वरसे गावाहून सायकलवर येणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्या वातानुकूलित खोलीत कोण घेणार?

दीड महिना झाल्यावर वर्क्स मॅनेजरसाहेबांनी त्यांना विचारलं, काम कधी सुरू होणार. मॅडम म्हणाल्या, सुरू आहे. दुसऱ्याच्या घरात भिंत काढायची तर कुठली भिंत कशावर उभी आहे ते आधी बघायला नको का? साहेबांना ते पटलं की नाही माहीत नाही, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मॅडम चाळिशीच्या आतबाहेर. बुटक्या, ठसठशीत बांध्याच्या, सुती साडी, हातात घड्याळाखेरीज काही नाही. संगणकाच्या खोलीत चपला काढून जायचा नियम कधीच रद्द झाला होता, तरी त्या बाहेर चपला काढत. गवती चहाचा थर्मास घरून आणत आणि कॅन्टीनचा चहा कुणी पुढे केला तर आभार मानून परत करत. लिहायचं ते आधी शिसपेन्सिलीनं कागदावर. पेन्सिलीला टोक काढायला अर्धं ब्लेड, आणि टोक काढताना त्या तोंडानं हळूच काहीतरी मोजत असत. ते आगरी बोलीत असे. साहेबांशी शुद्ध पुणेरी वाटावी अशी मराठी बोलणाऱ्या बाई डोक्यात हिशोब करताना आपल्या खाडीकाठच्या गावात परत जात.

त्यांचं गाव पेणजवळ. वडील मिठागरात राबलेले. मॅडम मुंबईत शिकल्या, तिथंच एका कंपनीत दहाबारा वर्षं अशाच कर्नेलच्या कामात होत्या. आई गेली, वडिलांच्या पायाच्या जखमा भरेनात, म्हणून मुंबई सोडून परत आल्या. रोज पेणहून एसटीनं यायच्या, गडब, नागोठणं करत. गाडीत जागा मिळाली की मांडीवर कागद पसरायच्या. गडबला चढणाऱ्या बायकांना त्याची सवय झाली होती. एकदा एका म्हातारीनं विचारलं, कसली परीक्षा हाय गो तुझी? मॅडम म्हणाल्या, रोजचीच हाय.

एका गणपतीत मी त्यांच्या घरी गेलो होतो. वडील ओटीवर पाय पसरून बसलेले. मी मॅडमच्या कारखान्यातला म्हटल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "माजी पोर लय शिकली. पन ती काय करते, ता मला अजून कललं नाय. तुमाला कललंय?"

मी म्हटलं, थोडंफार. मॅडम आतून प्रसाद घेऊन येत होत्या. त्यांनी वडिलांना त्यांच्याच बोलीत सांगितलं की कारखान्यात एक मोठी पाटी आहे, त्या पाटीवर सगळ्या भांड्यांचं तापमान लिहिलेलं असतं, आणि ती पाटी वाचताना लिहिताना कुणी कुणाच्या पायात येऊ नये, ते मी बघते. वडील म्हणाले, म्हंजे मुकादम. मॅडम म्हणाल्या, व्हय, मुकादम.

ती पाटी म्हणजेच त्यांचं आमच्याकडचं मोठं काम. संगणकाच्या स्मृतीत एक तक्ता होता. एक प्रोग्रॅम दर दोन सेकंदांनी माझ्या उपकरणांकडून ताजे आकडे घेऊन त्या तक्त्यात लिहायचा. कंट्रोल रूममधले, प्रयोगशाळेतले, साहेबांच्या केबिनमधले पडदे तोच तक्ता वाचत. लिहिणं अर्धवट झालेलं असताना कुणी वाचलं, तर तापमान आत्ताचं आणि दाब मघाचा, असा भलताच मेळ दिसायचा. तो टाळायला मॅडमनी कर्नेलमध्ये एक कुलूप बसवलं होतं. त्याचा नियम सोपा. वाचणारे कितीही जण एकाच वेळी आत जाऊ शकतात, कारण नुसत्या वाचण्यानं काही बिघडत नाही. लिहिणाऱ्याला मात्र तक्ता एकट्याला हवा. आत एक जरी वाचणारा असेल तरी लिहिणाऱ्यानं दाराशी थांबायचं.

तीन पडदे होते. वर्षभर काम घड्याळासारखं चाललं. कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यातही हीच व्यवस्था बसवायची आणि त्याची जबाबदारी मॅडमकडे द्यायची, असं जवळपास ठरलं होतं.

त्याआधी आमच्याकडची व्यवस्था पाहायला मुंबईहून मोठे साहेब येणार म्हणून चौदा पडदे आणखी मागवले. सभागृहात, गोदामात, अगदी गेटवरच्या केबिनमध्येसुद्धा पडदे लागले. सगळीकडे हिरवे आकडे चमकायला लागले आणि कारखाना एकदम आधुनिक दिसू लागला.

पाहुण्यांच्या भेटीच्या दिवशी सगळे पडदे पहिल्यांदाच एकदम चालू केले. त्या दुपारी तीन नंबरच्या रिअ‍ॅक्टरवर, म्हणजे रसायनं शिजवायच्या मोठ्या भांड्यावर, उस्मानभाई होते. उस्मानभाई रोह्याचेच, वीस वर्षं ऑपरेटर, कारखान्यातल्या प्रत्येक पाइपाशी ओळख असलेला माणूस. पडद्यावर तापमान दिसत होतं चौऱ्याऐंशी पूर्णांक तीन. व्यवस्थित. तरीही ते खाली भांड्यापाशी गेले. नंतर त्यांनी सांगितलं की ढवळणीचा आवाज बदलला होता. भांड्यावरच्या जुन्या काटेवाल्या मीटरमध्ये काटा एकशे बाराच्या पुढे गेलेला. वर जाऊन कुणाला विचारायला वेळ नव्हता. त्यांनी थंड पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि सगळा माल आपत्कालीन टाकीत सोडला. वाफेनं त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बाकी कुणाला काही झालं नाही. मोठे साहेब त्या वेळी सभागृहात पडद्यासमोर उभे राहून चौऱ्याऐंशी पूर्णांक तीन बघत होते.

चौकशी झाली तेव्हा संगणकाची नोंद काढली. नोंदीत त्या दुपारची बावीस मिनिटं तीन नंबरचं तापमान पूर्ण वेळ चौऱ्याऐंशी पूर्णांक तीन. म्हणजे कागदावर सगळं ठीक होतं आणि उस्मानभाईंनी चांगला माल विनाकारण टाकून दिला होता. काटा एकशे बारावर होता हे दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं, आणि गार पाणी सोडल्यावर तो खाली आला होता. उस्मानभाईंना घरी बसवलं. कामावरून काढायचं पत्र तयार होतंय, असं हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसमधून कळलं.

माझ्या उपकरणावरही संशय होता. मी ते काढून तपासलं, ठणठणीत होतं. मी हे सांगायला गेलो तेव्हा मॅडम नोंदीचा लांबलचक कागद जमिनीवर पसरून त्याच्याशेजारी बसल्या होत्या. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"साळवी, तुमचं उपकरण बावीस मिनिटं एकच आकडा देईल?"

मी म्हटलं, शक्य नाही. चांगलं असेल तर एखाद्या दशांशानं तरी हलत राहतं. बिघडलं तर भलतंच काहीतरी दाखवतं. गप्प बसत नाही.

"मग हा आकडा तुमचा नाही," त्या म्हणाल्या. "हा माझ्याकडे अडकलेला आहे."

पुढचे तीन दिवस त्या नोंदीचा कागद आणि कुलपाच्या ओळी शेजारी ठेवून तपासत बसल्या. चौथ्या दिवशी त्यांनी साहेबांकडे रविवार मागितला. कारखाना बंद असताना सगळे सतरा पडदे चालू करायचे, आणि उस्मानभाईंना बोलवायचं. साहेबांनी परवानगी दिली.

रविवारी सकाळी मी एका बादलीत पाणी घेतलं, त्यात पाणी तापवायची इलेक्ट्रिकची कांडी सोडली आणि माझं उपकरण बुडवलं. शेजारी साधा काचेचा थर्मामीटर. उस्मानभाई बँडेज बांधलेला हात छातीशी धरून खुर्चीवर बसले. पाणी तापायला लागलं. थर्मामीटरमध्ये चाळीस झाले, पन्नास झाले. पडद्यावर एकतीस पूर्णांक एक. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ मात्र सेकंद मोजत होतं, त्यामुळे सगळं जिवंत वाटत होतं. बादलीतून वाफ निघायला लागली तरी पडद्यावर एकतीस पूर्णांक एक.

मग मॅडमनी एकेक पडदा बंद करायला लावला. सोळा राहिले, पंधरा राहिले. अकरावर आल्यावर आकडा एकदम उडाला आणि थेट एकोणऐंशीवर गेला.

त्यांनी साहेबांना शांतपणे समजावलं. पडदे जुन्या तारेवरचे, मंद. एकेका पडद्याला वाचायला जवळजवळ सेकंद लागतो. तीन पडदे असताना मध्ये मोकळा क्षण मिळायचा आणि लिहिणारा आत शिरायचा. सतरा पडदे झाल्यावर एक वाचणारा बाहेर पडायच्या आत दुसरा शिरलेला असतो. तक्ता कधी रिकामाच होत नाही. लिहिणारा ताजा आकडा हातात घेऊन दाराशी उभा आणि आत सगळे जुनाच आकडा पुन्हा पुन्हा वाचतायत. नोंद ठेवणारा प्रोग्रॅमही वाचणाराच, त्यानंही तोच लिहून ठेवला.

उस्मानभाई खुर्चीतून उठले. ते साहेबांकडे न बघता मॅडमना म्हणाले, "मी झूट नाय बोललो होतो."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "माझा पडदा बोलला."

त्या संध्याकाळी त्या उस्मानभाईंच्या घरी गेल्या. मीही बरोबर होतो. उस्मानभाईंचा भाऊ मस्कतला होता आणि त्यानं बोलावणं पाठवलं होतं. उस्मानभाईंनी सांगितलं की जायला हरकत नव्हती, पण खोटारडा ठरून जायचं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, उद्या मी लेखी देणार आहे, त्याआधी तुम्हाला तोंडानं सांगायला आले. माझी चूक होती, तुमचा हात भाजला. उस्मानभाईंना अवघडल्यासारखं झालं. त्यांच्या बायकोनं सरबत आणलं. ते म्हणाले, मॅडम, सतरा पडदे तुम्ही नाय लावले. मॅडमनी मान हलवली. पडदे वाढतील हे मला माहीत होतं, त्या म्हणाल्या, आणि सरबत संपवून उठल्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मॅडमना सुचवलं की अहवालात ‘यंत्रणेतील तांत्रिक अडचण’ असं लिहावं. उस्मानभाई सुटतील, दुसऱ्या कारखान्याचं कामही हातचं जाणार नाही. मॅडमनी ऐकून घेतलं. अहवालाचं पहिलं वाक्य त्यांनी तरीही असंच लिहिलं की कुलपाचा नियम मी ठरवला होता आणि तो चुकीचा होता. उस्मानभाई पुढच्या सोमवारी कामावर आले. दुसऱ्या कारखान्याचं काम बाहेरच्या एका कंपनीला गेलं, आणि त्या वर्षीची बढतीही मॅडमना मिळाली नाही. त्याबद्दल मी एकदा विषय काढला, तर त्यांनी मला एका वायरचा नंबर विचारला.

कुलूप दुरुस्त करायला त्यांनी महिना घेतला. नवा नियम असा की लिहिणारा दाराशी आला, की नव्या वाचणाऱ्यांनी बाहेर थांबायचं. आत असलेल्यांनी वाचून बाहेर पडायचं, मग लिहिणारा आत, मग पुन्हा सगळे. चाळीसेक ओळींचं काम. ते कागदावर झाल्यावर एका शनिवारी त्यांनी आम्हाला दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनच्या मागच्या खोलीत बोलावलं. त्यांना नियम माणसं घेऊन चालवून बघायचा होता. आत टेबलावर कागद ठेवला, तो तक्ता. आम्ही सातआठ जण वाचणारे. उस्मानभाई लिहिणारे, कारण ते बाहेर थांबायला कंटाळत नाहीत, असं मॅडम म्हणाल्या. दारावर त्या स्वतः.

सुरुवातीला छान चाललं. उस्मानभाई दाराशी आले की आम्ही बाहेर थांबत होतो, आतले बाहेर येत होते, उस्मानभाई आत जाऊन कागदावर एक रेघ मारत होते. मोठी माणसं शाळेतल्यासारखी रांगेत उभी, आणि कॅन्टीनचा आचारी झारा हातात घेऊन बघतोय. चौथ्या पाचव्या फेरीला उस्मानभाई दाराशी येऊन थांबले होते, तेवढ्यात प्लांटवरून त्यांना हाक आली. ते निघून गेले.

आत असलेले दोघं वाचून बाहेर आले. खोली रिकामी झाली. आम्ही बाहेर उभेच. एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. कुणीतरी विचारलं, मॅडम, जाऊ का आत?

"नाही," मॅडम म्हणाल्या. "लिहिणारा दाराशी आहे."

"अहो, उस्मानभाई तर गेले."

मॅडमनी रिकाम्या जागेकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे. नियमाप्रमाणे दाराशी लिहिणारा थांबलेला होता, ही खूण कुणी पुसलीच नव्हती. वाट बघणारा लिहिणारा मध्येच उठून गेला, तर वाचणारे कायमचे बाहेर. हे त्यांच्या चाळीस ओळींत कुठेच नव्हतं. त्या दाराच्या चौकटीला टेकल्या आणि हसायला लागल्या. त्यांना असं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, मग आम्ही सगळेच. उस्मानभाई परत आले तेव्हा त्यांना कळेना, आपण काय केलं. मॅडमनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि आचाऱ्याला सगळ्यांसाठी भजी करायला सांगितली.

ती खूण पुसायची सोय त्यांनी केलीच, पण दुरुस्तीत आणखी एक गोष्ट घातली. प्रत्येक आकड्यापुढे तो कधी लिहिला गेला ती वेळ दिसू लागली, आणि आकडा दहा सेकंदांहून शिळा झाला तर तो लुकलुकायचा. उस्मानभाईंच्या हातावर डाग राहिला. पण ते मस्कतला गेले नाहीत, आणि पडद्यावर आकडा कितीही ताजा असला तरी तासाला एकदा खाली जाऊन काटा बघायचे. मॅडमनी त्याबद्दल त्यांना कधीच काही म्हटलं नाही. उलट नव्या ऑपरेटरना त्या सांगत, उस्मानभाईंबरोबर जा.

वडील गेल्यावर वर्षभरात मॅडमनी नोकरी सोडली. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. नंतर कधीतरी ऐकलं की पेणला मुलांना गणित शिकवतात, कुणी म्हणे घरीच काहीतरी लिहितात.

माझी त्यांची शेवटची भेट दशकाच्या अगदी अखेरीची. भाचीच्या लग्नाच्या पत्रिका द्यायला पेणला गेलो होतो. एसटी स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमध्ये मालकानं नुकताच इंटरनेटचा संगणक ठेवला होता. आत मॅडम बसल्या होत्या. केस बरेच पिकलेले, चष्म्याच्या काचा जाड. मला बघून त्यांनी बाजूची खुर्ची ओढली.

त्यांनी सांगितलं की आता एक कर्नेल असं आहे, जे जगभरातले लोक मिळून फुकट लिहितात. कुणीही वाचावं, कुणीही सुधारणा पाठवावी. त्यांनी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांच्या कुलपाची एक सुधारणा करून पाठवली होती, पंचवीस ओळींची. आठवड्यानंतर आज उत्तर आलं होतं. त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. मला इंग्रजी तेवढं समजेना.

"ऑस्ट्रेलियातला कुणीतरी आहे," त्या म्हणाल्या. "लिहितो, चौदाव्या ओळीत चूक आहे. दोन लिहिणारे एकाच क्षणी दाराशी आले तर दोघंही आत जातील."

मी विचारलं, आहे का चूक?

"आहे," त्या म्हणाल्या. चेहरा असा उजळला होता, जसा मुलीचं लग्न ठरल्याचं सांगताना माझ्या बहिणीचा. "बरोबर पकडलंय त्यानं. मी चार महिने बघत होते, मला दिसली नाही. ओळख ना पाळख, साळवी, पण किती नीट वाचलंय बघा."

माझी रोह्याची गाडी लागली. मी पत्रिका त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती नीट वाचली, तारीख मोठ्यानं म्हटली, नक्की येते म्हणाल्या. मी रस्ता ओलांडून गाडीत चढलो आणि खिडकीशी बसलो. बूथच्या काचेतून त्या दिसत होत्या. पदर कमरेला खोचून त्या खुर्चीत पुढे सरकल्या आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, त्या अनोळखी माणसाला उत्तर लिहू लागल्या.